ग्वोगुवेकच्या पाटीवरची दुसरी ओळ

पोलंडच्या नैर्ऋत्येला, चेक सरहद्दीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, ग्वोगुवेक नावाचं साडेपाच हजार वस्तीचं गाव आहे. हद्दीवर हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. वर लिहिलंय ग्वोगुवेक, खाली ओबरग्लोगाऊ. वरचं नाव पोलिश, खालचं जर्मन. या प्रकरणाचा विषय ती खालची ओळ आहे: ती तिथे कशी आली, इतक्या उशिरा का आली, आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या प्रुदनिकच्या पाटीवर ती का नाही.

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रुदनिकचं जुनं नाव नॉयश्टाट, म्हणजे 'नवं गाव'. १९४५ पूर्वी ते जवळजवळ पूर्ण जर्मनभाषिक होतं. तिथून पूर्वेला, ग्वोगुवेकच्या आजूबाजूच्या खेड्यांत, लोक घरी बहुतांशी स्लाव्ह बोली बोलत. मग जर्मन पाटी पहिल्या ठिकाणी हवी, दुसऱ्या नव्हे. प्रत्यक्षात उलटं आहे.

आधी नावाचंच पाहू. 'ग्वुग' हे पोलिशमध्ये एका काटेरी झुडपाचं नाव. त्यावरून ग्वोगूव हे मोठं शहर, दूर वायव्येला ओडर नदीकाठी. त्याचं लाडकं, छोटं रूप म्हणजे ग्वोगुवेक. आपल्याकडे 'बुद्रुक' आणि 'खुर्द' असतात त्यातला हा खुर्द. जर्मनांनाही दोन ग्लोगाऊंमध्ये फरक करायचा होता, पण त्यांनी आकार न बघता उंची बघितली. ओबरग्लोगाऊ म्हणजे 'वरचं ग्लोगाऊ', नदीच्या वरच्या अंगाला, अप्पर सायलेशियातलं; सायलेशिया म्हणजे ओडरच्या दोन्ही काठांचा हा मुलूख. एका भाषेत गाव धाकटं आणि दुसरीत वरचं. त्यामुळे पाटीवरच्या दोन ओळी एकमेकींचा अनुवाद नाहीत, आणि ही गोष्ट पुढे कायद्यात कामाला येते.

नदी, माती, भाषेची रेषा

ओसोब्वोगा ही छोटी नदी चेक डोंगरांतून उतरते, ग्वोगुवेकच्या गढीखालून जाते आणि क्राप्कोवित्से इथे ओडरला मिळते. तिचं जर्मन नाव होत्सेनप्लोत्स. दक्षिण-पश्चिमेला ओपावा डोंगररांग आहे. बिस्कुपिया कोपा हे ८९० मीटरचं शिखर नेमकं पोलंड-चेक सीमेवर. गावाभोवतीचं पठार मात्र सपाट, वाऱ्याने आणून टाकलेल्या पिवळसर बारीक मातीचं. गहू, मोहरीवर्गातलं रेपसीड, साखरेचं बीट. कोळसा आणि पोलाद सायलेशियाच्या पूर्व टोकाला, कातोवित्सेकडे, इथे शेती. कारखान्याच्या गावात दर दशकाला बाहेरून माणसं येतात आणि भाषा घुसळून निघते. शेतीच्या गावात बोली पिढ्यान्‌पिढ्या त्याच अंगणात राहते. या प्रकरणात पुढे जे घडलं त्याला ही पिवळी माती बऱ्यापैकी कारणीभूत आहे.

जर्मन आणि पोलिश यांच्यातली जुनी भाषिक रेषा याच पठारावरून जायची. रेषा म्हणायची, पण ती शिवणीसारखी, टाका इकडे टाका तिकडे. नकाशावरची नावंच बघा. ग्वोगुवेकजवळ दोन खेडी आहेत, व्येश्ख आणि मियोनूव. जर्मन काळात व्येश्खचं नाव होतं डॉइच म्युलमेन आणि मियोनूवचं पोल्निश म्युलमेन, म्हणजे 'जर्मन म्युलमेन' आणि 'पोलिश म्युलमेन'. शेजाऱ्यांनी एकमेकांना काय ओळखलं होतं ते नावातच नोंदलेलं.

गावात बाजार, कचेरी, शाळा यांची भाषा जर्मन. खेड्यांत चुलीपाशी सायलेशियन. ही सायलेशियन पोलिशच्या कुळातली, पण जर्मन आणि चेक शब्दांनी भरलेली. रेल्वेला 'बाना', आजीला 'ओमा', वाढदिवसाला 'गेबुर्स्टाग'. जर्मन अधिकारी तिला हिणवून 'वासरपोल्निश' म्हणत, पाणी घातलेली पोलिश. पोलिश शिक्षकांना ती जर्मनाने बिघडवलेली पोलिश वाटायची. बोलणाऱ्यांना ती नुसतं 'आपलं बोलणं' वाटायची.

मालक बदलत गेले

गावाला १२७५ मध्ये ओपोले या जवळच्या शहराच्या पियास्त सरदारांकडून नगराचा दर्जा मिळाला; पियास्त हे जुनं पोलिश राजघराणं. १३२७ मध्ये ओपोलेचे सरदार बोहेमियाच्या, म्हणजे चेक मुलखाच्या, राजाचे मांडलिक झाले, १५२६ मध्ये बोहेमियाबरोबर मुलूख ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला, १७४२ मध्ये प्रशियाने जिंकला, १८७१ पासून जर्मन साम्राज्य, १९४५ पासून पोलंड. या सगळ्यात गढीचे मालक मात्र १५६१ पासून जवळपास चारशे वर्षं एकच, ओपर्सडोर्फ घराणं. कट्टर कॅथलिक, हाब्सबुर्गनिष्ठ. गावातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये त्यांनी १६३० च्या सुमारास इटलीतल्या लोरेतोच्या पवित्र घराची प्रतिकृती बांधली. धर्म हा इथला तिसरा पक्ष आहे. प्रशिया प्रॉटेस्टंट, पोलंड कॅथलिक, आणि इथला माणूस भाषेने काहीही असला तरी कॅथलिक. त्यामुळे 'तू कोण?' या प्रश्नाला त्याला बराच काळ भाषेच्या शब्दांत उत्तर द्यावंच लागलं नाही.

दोन पाहुणे सांगण्यासारखे आहेत, कारण आज दोन्ही बाजू एकेकाचं नाव घेतात. १६५५ मध्ये स्वीडिश फौजा पोलंडभर पसरल्या तेव्हा राजा यान काझिमेश पळून इथे आला. ओपोलेची जहागीर तेव्हा हाब्सबुर्गांनी पोलिश राजघराण्याकडे गहाण टाकली होती, म्हणून हा कोपरा त्याला सुरक्षित. ऑक्टोबर ते डिसेंबर तो या गढीत राहिला. त्याच मुक्कामात, नोव्हेंबरमध्ये, ओपोलेहून त्याने पोलिश प्रजेला स्वीडनविरुद्ध उठण्याचं आवाहन काढलं. चेन्स्तोहोवाच्या काळ्या मातेची, म्हणजे पोलंडात फार पूज्य असलेल्या मेरीची, मूळ तसबीरही त्या धामधुमीत जवळच्या मोखूवच्या मठात लपवल्याचं सांगतात. पोलिश मनाला गाव आपलं वाटायला एवढं पुरे.

दुसरा पाहुणा बेथोवेन. १८०६ मध्ये प्रिन्स लिख्नोव्हस्की त्याला इथे घेऊन आला. काउंट फ्रान्झ फॉन ओपर्सडोर्फचा स्वतःचा वाद्यवृंद होता. चाकरीला ठेवायचा माणूस एखादं वाद्य वाजवणारा असावा अशी त्याची अट असे. वृंदाने बेथोवेनला त्याचीच दुसरी सिंफनी ऐकवली. काउंटने खूश होऊन नवी मागवली आणि चौथी सिंफनी त्याला अर्पण झाली. पाचवीही त्यालाच द्यायचं बोलणं होतं, पण अर्पणपत्रिका शेवटी दुसऱ्या दोघा उमरावांच्या नावे गेली. पाचवी गावाच्या नावावर असती तर हे गाव शोधायला नकाशा लागला नसता. आता इथे बेथोवेनच्या नावाने संगीत महोत्सव होतो, आणि तो पोलिश लोकच भरवतात.

पडताळणी

पहिल्या महायुद्धानंतर अप्पर सायलेशियात सार्वमत झालं, २० मार्च १९२१ ला. एकूण मुलखात साधारण ६० टक्के मतं जर्मनीला, ४० टक्के पोलंडला. ग्वोगुवेक गावाने प्रचंड बहुमताने जर्मनी निवडलं. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की घरी स्लाव्ह बोली बोलणाऱ्या असंख्य लोकांनीही या टापूत जर्मनीला मत दिलं. भाषा आणि निष्ठा एकाच खात्यात मांडण्याची घाई राष्ट्रवादी मंडळींना असते; शेतकऱ्याने बाजार, पेन्शन, जमीन आणि शांतता बघितली.

नाझी राजवटीला मात्र ही सरमिसळ खपली नाही. १९३६ मध्ये सायलेशियातल्या स्लाव्ह वाटणाऱ्या शेकडो गावांची नावं बदलली गेली. ग्वोगुवेकजवळच्या त्वार्दावाचं जर्मन लोकसुद्धा त्वार्दावाच म्हणत आले होते. 'त्वार्द' म्हणजे कठीण, म्हणून जर्मन 'हार्ट' घेऊन नवं नाव हार्टेनाऊ. कचेरीत बसून केलेलं भाषांतर.

मार्च १९४५ मध्ये लाल सैन्य आलं, पाठोपाठ पोलिश प्रशासन. आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. नव्या राज्याला जर्मन नको होते, पण माणसं हवी होती, आणि हा मुलूख 'मुळातला पोलिश' आहे हे जगाला दाखवायचंही होतं. म्हणून पडताळणी सुरू झाली. ज्याचं आडनाव स्लाव्ह, ज्याला बोली येते, ज्याला पोलिशमध्ये प्रार्थना म्हणता येते, तो 'जर्मन झालेला पोल' ठरून राहू शकला. जर्मनीकडून आलेल्या सगळ्या मुलखात मिळून असे सुमारे दहा लाख लोक राहिले. ज्याला यातलं काही नव्हतं, तो हाकलला गेला. प्रुदनिक, निसा, ग्वुबचित्से या पूर्ण जर्मनभाषिक पट्ट्यातून जर्मन जवळजवळ पूर्णपणे संपले. ग्वोगुवेकच्या खेड्यांतले लोक राहिले, कारण त्यांना 'पाणी घातलेली पोलिश' येत होती.

म्हणजे आजचा जर्मन अल्पसंख्याक समाज बहुतांशी त्यांचा वंशज आहे ज्यांना १९४५ मध्ये 'तुम्ही जर्मन नाही' असं शिक्का मारून सांगितलं गेलं. हे वाक्य समजलं की पाटीचं निम्मं प्रकरण सुटतं.

रिकाम्या घरांत जे आले ते पूर्वेकडचे पोल होते. ल्वूव, तार्नोपोल, व्होल्हीनिया हा पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाने घेतला आणि तिथली माणसं गाई, देव्हारे आणि बियाणं घेऊन मालगाड्यांतून सायलेशियात उतरली. आपल्या वाचकाला हे लोक अगदीच परके नाहीत. याच पूर्व मुलखातून १९४० मध्ये सोव्हिएतांनी ज्यांना सैबेरियाकडे हद्दपार केलं, त्यांतले सुमारे पाच हजार पुढे इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले आणि १९४८ पर्यंत राहिले. वळिवड्यातली मंडळी आणि सायलेशियात उतरलेली मंडळी एकाच वाताहतीच्या दोन वाटा. त्यांचं घर गेलं होतं, आणि ते दुसऱ्याच्या घरात राहायला आले होते. स्थानिक सायलेशियन त्यांना 'हाज्याय' म्हणत, आणि शब्दात प्रेम नव्हतं. उलट बाजूने स्थानिकांना 'जर्मन' म्हटलं जाई; जर्मनांनी गाव उद्ध्वस्त केलेल्या माणसाच्या तोंडी तो शब्द कसा वाजत असेल ते सांगायला नको.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जर्मनला या टापूत जागा नव्हती. पाट्या उतरवल्या, दुकानांवरची अक्षरं खरवडली, थडग्यांवरचे जर्मन मजकूर छिन्नीने उडवले, हान्सचा यान झाला. रस्त्यात जर्मन बोलणं धोक्याचं. पोलंडात इतरत्र जर्मन ही परकीय भाषा म्हणून शिकवली जाई, ओपोलेच्या पट्ट्यात नाही. नेमकं जिथे ती कुणाची तरी होती तिथेच नाही. घरच्या आईबापांनी मुलांच्या भल्यासाठी जर्मन बंद केली. आणि लोक जात राहिले: १९७५ मध्ये पश्चिम जर्मनीने पोलंडला एक अब्ज मार्कांचं स्वस्त कर्ज आणि पेन्शनपोटी १.३ अब्ज मार्क दिले, बदल्यात सव्वा लाखाच्या आसपास लोकांना देश सोडायची परवानगी मिळाली. पडताळणीत 'पोल' ठरलेले हे लोक तीस वर्षांनी जर्मन म्हणून निघाले. आधी सायलेशियन असलेल्यांना एवढ्या वर्षांच्या वागणुकीने जर्मन केलं असं अनेक अभ्यासक म्हणतात. मला ते पटतं.

कायद्यातले चार शब्द

४ जून १९८९, पोलंडच्या निवडणुकीच्याच दिवशी, ओडरच्या पलीकडच्या सेंट ॲनच्या टेकडीवर जर्मनमधून पहिली उघड प्रार्थनासभा झाली. १९९० मध्ये ओपोलेत अल्पसंख्याकांची संघटना नोंदली गेली, जून १९९१ मध्ये जर्मनी-पोलंड मैत्री करार झाला, त्याच वर्षी संसदेत अल्पसंख्याकांचे सात प्रतिनिधी निवडून आले. पाट्यांचा प्रश्न मात्र पंधरा वर्षं टांगलेला राहिला. सरकारला भीती वाटे की पाटीमागून जमिनीचे दावे येतील.

६ जानेवारी २००५ चा अल्पसंख्याक कायदा आला तो ही भीती जमेस धरूनच. त्याची हुशारी चार शब्दांत आहे. दुसरं नाव 'अतिरिक्त' असेल. ते 'पारंपरिक' असेल. ते 'एकटं' लावता येणार नाही, पोलिशनंतरच. आणि १९३३ ते १९४५ या काळात जर्मन राजवटीने दिलेलं नाव चालणार नाही. हा शेवटचा शब्द मला फार आवडतो. ओबरग्लोगाऊ चालेल, कारण ते शेकडो वर्षांचं. हार्टेनाऊ चालणार नाही, कारण ते १९३६ चं. एका आकड्याने कायद्याने जर्मन आणि नाझी वेगळे केले, आणि विरोधकांचा सगळ्यात धारदार मुद्दा बोथट झाला.

अट अशी: गेल्या जनगणनेत त्या समाजाचे किमान २० टक्के लोक असावेत, नाहीतर स्थानिकांचा कौल घ्यावा. प्रस्ताव स्थानिक परिषदेने करायचा, वॉर्सातून नोंद व्हायची, पाटीचा खर्च सरकारी तिजोरीतून. आपल्याकडे १९५६ च्या केंद्राच्या निवेदनात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढाव्यात असं लिहिलंय. बेळगावच्या मराठी माणसाला ते तोंडपाठ असतं, जतच्या कन्नड माणसालाही माहीत असायला हरकत नाही. फरक एवढाच की आपलं निवेदन अपेक्षा व्यक्त करतं. पोलिश कायदा पाटी कोण लावणार आणि पैसे कोण देणार तेही सांगतो.

जर्मन नावांसाठी पहिली नोंद ओपोले प्रांतातल्याच रादवूवची झाली, २००६ मध्ये; तिथे पाट्या २००८ मध्ये उभ्या राहिल्या. ग्वोगुवेक आणि परिसर २००९ मध्ये द्वैभाषिक झाला. परिसरात पूर्वेकडच्यांची नातवंडं बहुसंख्य, पण खेड्यांतल्या जुन्या घरांमुळे २० टक्क्यांची अट भागली. प्रुदनिकला ती भागणं शक्यच नव्हतं. तिथे मोजायला माणसंच उरली नव्हती.

मग रंग आला. प्रांतात ठिकठिकाणी रात्रीतून जर्मन ओळीवर पांढरा-लाल रंग फासला गेला, म्हणजे पोलिश झेंड्याचे रंग. पाट्या पुसल्या, पुन्हा फासल्या, पुन्हा पुसल्या. जमिनीचे दावे पाटीमागून आले नाहीत. मालमत्तेचा प्रश्न पाटीने सुरू होत नाही आणि पाटीने संपतही नाही, हे तेवढ्यात लोकांच्या लक्षात आलं असावं, कारण आता त्या ओळीवर चर्चासुद्धा क्वचित होते.

पाटी आहे, आवाज कुठे

यानंतर जे झालं ते रंग फासण्याइतकं दिसणारं नाही, पण मला जास्त गंभीर वाटतं. पाटी लागली तेव्हा जर्मन घराबाहेर गेलेली होती. आजीला येते, मधल्या पिढीला समजते, मुलं ती शाळेत शिकतात, अल्पसंख्याकांची भाषा म्हणून आठवड्याला तीन तास. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेव्हाच्या पोलिश सरकारने फक्त जर्मनसाठी हे तीन तास एकावर आणले आणि अनुदानातून सुमारे चार कोटी झ्वोती (पोलिश चलन) कापले. जर्मनीतल्या पोल लोकांना पोलिश शिकायला पुरेसे पैसे मिळत नाहीत, हे कारण. म्हणजे बर्लिनशी वाद, आणि शिक्षा ओपोलेच्या पोलिश नागरिक असलेल्या मुलांना. पन्नास हजारांच्या आसपास मुलांना झळ बसली. सरकार बदलल्यावर, सप्टेंबर २०२४ पासून, तीन तास परत आले. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत अल्पसंख्याकांची संसदेतली उरलेली एकमेव जागाही गेली होती.

संख्येकडे बघताना सावध राहावं लागतं. देशभरात स्वतःला जर्मन म्हणवणारे २००२ मध्ये १ लाख ५२ हजार ८९७ होते, २०२१ मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार. घसरण हळू वाटते, पण २०११ पासून जनगणनेत दोन ओळखी सांगता येतात; एकच सांगायची सक्ती असती तर आकडा कुठे असता कोण जाणे. शिवाय कागदावर इथे राहणारे कितीतरी जण जर्मन पासपोर्टवर जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये कामाला असतात. गावात घर नीट रंगवलेलं, दारात फुलं, आणि खिडक्या बंद.

दुसरीकडे २०२१ च्या जनगणनेत जवळपास सहा लाख लोकांनी आपली ओळख 'सायलेशियन' अशी लिहिली. तीच ती, ना धड पोलिश ना धड जर्मन म्हणून दोन्हीकडून हिणवलेली बोली आणि तिचे लोक. पडताळणीत ज्या बोलीने माणसाला घरात राहू दिलं, तिला पोलंडात भाषेचा दर्जा नाही. एप्रिल २०२४ मध्ये संसदेच्या सभागृहाने तिला प्रादेशिक भाषा मानणारं विधेयक मंजूर केलं. मेअखेर राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. ग्वोगुवेकच्या पाटीवर आज दोनच ओळी आहेत.